मुंबईच्या कोटातील जुन्या वास्तू आणि तेथील उदीम

प्रतिवर्षीप्रमाणे यंदाही स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस एखादा ऐतिहासिक लेख देण्याची आज्ञा केली. मागील लेखांत आम्ही किल्ले, ताम्रपट आणि कुलवृत्तान्त यांचाच परामर्श घेत आलो. यंदा मात्र विषय जवळचा निवडला आहे. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांची उपजीविका दोन-तीन पिढ्या मुंबईच्या कोटात चालत आलेली आहे. कोणाचा छापखाना, कोणाचे कागदाचे दुकान, कोणी घड्याळे दुरुस्त करणारे, कोणी न्यायालयाच्या सावलीत बसून टंकलेखन करणारे. यांतील बहुतेकांच्या जागा जुन्या इमारतींत आणि पागडीच्या. आज त्याच इमारतींस एका बाजूने ‘वारसा’ म्हणतात आणि दुसऱ्या बाजूने ‘धोकादायक’ म्हणतात. आणि या दोन शब्दांच्या मध्ये आपले दुकान उभे असते. हा पेच कसा उत्पन्न झाला, हे इतिहासाच्या अंगाने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यास आपण कोट म्हणतो, तेथे आज कोट नाही. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकीर्दीत, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, इंग्रजांनी गावाभोवती तट पुरा केला. त्यास अपोलो, चर्चगेट आणि बाजारगेट असे तीन दरवाजे होते. आत गोऱ्यांची वस्ती, व्यापाऱ्यांच्या पेढ्या, गोदामे, घरे यांची इतकी दाटी झाली की १८०३ साली फेब्रुवारी महिन्यात लागलेल्या आगीत कोटातील मोठा भाग जळून गेला. पुढे मराठ्यांचे राज्य गेले, समुद्रावर शत्रू उरला नाही आणि तटाचा उपयोग संपला. उलट तो हवेस आणि गाड्यांस अडथळा होऊ लागला. १८६२ साली बार्टल फ्रियर गव्हर्नर होऊन आला आणि त्याच्या अमदानीत हे तट व दरवाजे पाडून टाकण्यात आले. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे ज्या मुंबईचे ते वर्णन करीत होते तिचा तट त्याच सुमारास पडत होता.

हा तट कोणासाठी पडला? व्यापारासाठी. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडात येईनासा झाला आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात आणि १८६५ च्या दिवाळखोरीनंतरही जी नवी मुंबई उभी राहिली, तीच आज जतन करावयाची जुनी मुंबई होय. दीडशे वर्षांपूर्वीची वास्तू ज्यांनी पाडली, त्यांनीच बांधलेल्या वास्तू आज पाडू नयेत असे आपण म्हणतो. यात विसंगती आहे असे कित्येकांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. तटाचे काम संपले होते, म्हणून तो गेला. या इमारतींचे काम मात्र संपलेले नाही. त्यांत आजही माणसे हिशेब लिहीत आहेत, माल विकीत आहेत.

या इमारती जन्मापासूनच उदीमासाठी होत्या, हे त्यांच्या बांधणीवरूनच दिसते. एल्फिन्स्टन सर्कल, ज्यास स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक हॉर्निमन यांचे नाव मिळाले, तेथे पूर्वी मोकळे मैदान होते व त्यावर कापसाच्या गासड्या पडत. पोलीस कमिशनर फॉर्जेट याच्या कल्पनेप्रमाणे मध्ये बाग आणि भोवती अर्धवर्तुळाकार इमारती अशी योजना झाली. भूखंड व्यापारी पेढ्यांस विकले, परंतु दर्शनी भाग सर्वांनी एकाच नमुन्याचा ठेवावा असे बंधन घातले. आत कोणी काय करावे, यात सरकारने हात घातला नाही. हॉर्नबी रस्त्याचेही तसेच. आज ज्यास दादाभाई नौरोजी रस्ता म्हणतात, त्या रस्त्यावरील प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर कमानींची ओसरी ठेवून ती पादचाऱ्यांस मोकळी द्यावी, असा नियम १८९६ साली झाला. म्हणून आजही बोरीबंदरापासून फ्लोरा फाउंटनपर्यंत भर पावसात माणूस बहुतांशी कोरडा जातो. दुकानदाराची दोन-चार हात जागा गेली खरी, पण गिऱ्हाईक उन्हापावसातून सुटून नेमके त्याच्या दाराशी येऊन उभे राहिले. शोभा आणि नफा यांचे एवढे सोपे गणित पुढच्या काळात क्वचितच कोणी मांडले.

आम्ही मुलांस शहर दाखवावयास नेत असू, तेव्हा त्यांस बोरीबंदरचे स्थानक आधी मागल्या बाजूने दाखवीत असू. फ्रेडरिक स्टीव्हन्सचा घुमट आणि दगडी मोर-माकडे पाहून सारेच थक्क होतात. परंतु १८७८ साली काम सुरू होऊन १८८८ साली पुरी झालेली ही इमारत एकही दिवस संग्रहालय झाली नाही, हे तिचे खरे नवल. वाफेच्या गाड्या गेल्या. १९२५ साली तेथून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी सुटली. फलाट वाढत वाढत अठरा झाले. ही सर्व वाढ मागे आणि बाजूला झाली. पुढची वास्तू कचेरीची होती ती कचेरीच राहिली आणि २००४ साली युनेस्कोने तीस जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अर्थात रेल्वेपाशी जागा होती आणि पैसाही होता. सामान्य दुकानदारापाशी या दोन्ही गोष्टी नसतात, आणि आपल्या विषयाचे मर्म तेथेच आहे.

जुनी इमारत व्यापाराने कशी झिजते, हे ज्याने आत बसून पाहिले त्यासच कळते. जाड भिंती मालाडच्या वा कुर्ल्याच्या दगडाच्या, कोरीव काम पोरबंदरी दगडाचे, सांधे चुन्याचे, तुळया सागवानी अथवा लोखंडी. छत पंधरा-सोळा फूट उंच, कारण त्या काळी पंखा नव्हता आणि गरम हवा वर जावयास हवी होती. पुढे जागा अपुरी पडली, तेव्हा दुकानदाराची नजर प्रथम त्या उंचीवर गेली. मध्ये पोटमाळा आला. पोटमाळ्यावर कागदाची रिमे आली, जुनी खातेवही आली, मग एक कारकूनही बसला. ज्या तुळईने केवळ वरची फरशी सांभाळावयाची, तिच्यावर दुप्पट ओझे पडले. नंतर भिंतीस भोके पाडून वातानुकूलन यंत्रे बसली. त्यांचे पाणी दगडावरून ओघळू लागले. भिंत गळू लागली म्हणून वर सिमेंटचा गिलावा झाला. चुन्याची भिंत ओल शोषून घेते आणि बाहेर टाकते. सिमेंटने तिचे तोंड बंद होते, ओल आत कोंडते आणि दगड आतून पोपडे टाकू लागतो. हे सर्व कोणी वाईट हेतूने केले नाही. प्रत्येकाने आपल्या दुकानापुरता शहाणपणाच केला.

आता भाड्याकडे येऊ, कारण त्यावाचून बाकी सारे व्यर्थ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी मुंबईत जागेची टंचाई झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. त्या वेळी हा कायदा गरिबाचे छत्र होता आणि त्याचे उपकार आपल्या ज्ञातीने विसरता कामा नये. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे टिकला. भाडे वाढेना म्हणून मालक दुरुस्ती करीना, आणि जागेची खरी किंमत पागडीच्या रूपाने पडद्याआडून वसूल होऊ लागली. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली कायदा होऊन दुरुस्ती मंडळ निघाले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेली भाडी अन्याय्य ठरविली. मग १९९९ चा नवा कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीस मान्यता दिली, बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी वा त्याहून अधिक भरणा-भांडवलाच्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले, आणि इतरांचे भाडे दरसाल शेकडा चार वाढविण्यास मुभा दिली.

जन्मभर मुलांस चक्रवाढ व्याज शिकविले, म्हणून येथे एक उदाहरण सोडवून दाखविल्यावाचून आम्हांस राहवत नाही. २००० साली एखाद्या दुकानाचे भाडे साठ रुपये होते असे धरा. दरसाल शेकडा चार प्रमाणे, चक्रवाढ धरूनही, पंचवीस वर्षांनी ते एकशे साठ रुपये होते. याच कायद्यात असे कलम आहे की, मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरूने नोटीस देऊन ती करावी व खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. पण एका वर्षात वळती करावयाची रक्कम वार्षिक भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. एकशे साठ रुपये मासिक भाड्याचा चतुर्थांश म्हणजे वर्षाकाठी चारशे ऐंशी रुपये. चारशे ऐंशी रुपयांत आज गवंडी एक दिवसही येत नाही. भाडेकरू म्हणतो कायदा माझ्या बाजूचा, मालक म्हणतो मालकी माझी, आणि दोघांच्या वादात गच्चीवरची ताडपत्री तेवढी दर मृगाला बदलते.

अशा स्थितीत १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियम आले. एखाद्या शहराने आपल्या वास्तूंसाठी असे नियम करण्याचा भारतातील हा पहिलाच प्रसंग होता. सुमारे सहाशे वास्तू आणि परिसर यांची यादी झाली आणि त्यांच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीच्या वास्तूस जवळजवळ हात लावता येत नाही. दुसरीत आतून सोयीचे फेरफार करता येतात. तिसरीत त्याहून अधिक सवलत मिळते. मालकाचा बांधकामाचा हक्क यामुळे बुडत असेल, तर तो हक्क दुसरीकडे विकण्याची तरतूद ठेवली, ज्यास बाजारात टी. डी. आर. म्हणतात. कागदावर योजना न्याय्य आहे. परंतु तिने ‘पाडू नका’ हे जितके स्पष्ट सांगितले, तितके ‘दुरुस्त कोणी करावयाचे’ हे सांगितले नाही. पाडण्यास बंदी हा अर्धाच कायदा झाला.

तरी त्या नियमांच्या आधाराने एक काम चांगले झाले, आणि ते सांगताना आम्हांस आनंद होतो. दादाभाई नौरोजी रस्त्यावर दुकानांच्या पाट्यांनी कहर केला होता. एकाने कमानीवर पाटी लावली, शेजाऱ्याने ती झाकेल एवढी मोठी लावली, तिसऱ्याने आडवी बाहेर काढली. अखेर कमानी दिसेनात आणि पाट्याही वाचता येईनात. १९९८ च्या सुमारास वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यासाठी एक नियमपुस्तिका तयार केली. कोणासही दुकान बदलावयास वा व्यवसाय सोडावयास सांगितले नाही. पाटी कमानीच्या चौकटीत बसवावी, कोरीव दगड झाकू नये, अशा स्वरूपाचे साधे दंडक घातले. महापालिकेचे पाठबळ मिळाले, दुकानदार व रहिवासी यांचीच एक संस्था पुढे आली, आणि शंभर वर्षांपूर्वीचा रस्ता पाट्यांमागून बाहेर निघाला. युनेस्कोच्या आशियाई वारसा पुरस्कारांत २००४ साली या कामाची दखल घेतली गेली. १८९६ च्या नियमाचाच हा नवा अवतार म्हणावयाचा: बाहेरचे रूप सर्वांचे, आतला धंदा ज्याचा त्याचा.

पाटीचा खर्च दुकानदारास झेपतो. तुळईचा झेपत नाही. त्याचे दुःखद उदाहरण काळाघोड्यास उभे आहे, ते म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, मूळचे वॉटसनचे हॉटेल.

जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. तट पडून मोकळ्या झालेल्या जागेत त्याने ही इमारत उठविली. तिचा आराखडा रोलँड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या प्रचंड छपराच्या कामात ज्याचा हात होता तोच हा. लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडात ओतल्या, जहाजातून आणल्या आणि येथे जोडल्या. भिंतींनी भार उचलावयाचा नाही, सांगाड्याने उचलावयाचा, ही पुढील शतकातील बांधकामाची रीत मुंबईस येथे प्रथम दिसली. १८७१ साली हॉटेल सुरू झाले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात प्रथम याच ठिकाणी दाखविली गेली. त्याच वर्षी मार्क ट्वेन तेथे उतरला होता व मुंबईच्या कावळ्यांनी त्यास फार छळले, असे त्याच्या प्रवासवर्णनावरून दिसते. जमशेटजी टाटा यांस येथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही गोष्ट लोक आवडीने सांगतात. ती आख्यायिकाच समजावी. ताजमहाल १९०३ साली उघडले आणि वॉटसनचे वैभव ओसरले, एवढा इतिहास मात्र खरा.

पुढे हॉटेल बंद पडले. मोठी दालने फळ्यांनी विभागून खोल्या झाल्या. समोरच दिवाणी व सत्र न्यायालय. त्यामुळे वकिलांच्या कचेऱ्या, टंकलेखक, कागदपत्रांच्या प्रती काढणारे, लहान पेढ्या आणि काही बिऱ्हाडे असा संसार तेथे भरला. या लोकांस त्या इमारतीवाचून गती नव्हती, कारण न्यायालय दोन पावलांवर हाच त्यांचा धंदा. मालकास मिळणारे भाडे मात्र नियंत्रित. लोखंड हे असे आहे की त्यास रंग मिळाला तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते, न मिळाल्यास समुद्राची हवा त्यास खाऊन टाकते. २००५ च्या पावसाळ्यात सज्जाचा भाग कोसळून एकाचा प्राण गेला. त्याच सुमारास जगातील शंभर संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत या इमारतीचे नाव आले. परदेशी मंडळी तिची छायाचित्रे काढून गेली. तिला टेकू लावण्याचे काम मात्र येथेच रेंगाळले. २०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी करण्यात आली. मुंबईच्या आय. आय. टी.च्या तज्ज्ञांनी पाडण्याची शिफारस केली. संवर्धनाच्या तज्ज्ञांनी सांगाडा वाचविता येतो असे म्हटले. या वादात वास्तूविषयी पुष्कळ छापून आले. तेथून उठलेल्या टंकलेखकांविषयी आमच्या वाचनात फारसे आले नाही.

याच्या उलट टोकही कोटातच पाहावयास मिळते. हॉर्निमन सर्कलच्या एका जुन्या इमारतीत २०११ साली हर्मेस या फ्रेंच पेढीचे दुकान निघाले. २०१२ च्या ऑक्टोबरात तेथील एल्फिन्स्टन इमारतीत स्टारबक्सचे भारतातील पहिले कॉफीगृह उघडले. जुना दगड स्वच्छ झाला, उंच छत तसेच राहिले, सागवान झळकले. वास्तूच्या दृष्टीने हे उत्तमच झाले आणि आम्ही त्यास नावे ठेवीत नाही. परंतु एक पेला कॉफीला जेथे एवढे पैसे पडतात, तेथे घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने टिकावे कसे? इमारत वाचविण्याचा एकच मार्ग श्रीमंत भाडेकरू आणणे हा असेल, तर कमानी राहतील आणि त्यांखाली येणारे जुने गिऱ्हाईक जाईल. इकडे बड्या कंपन्यांनी आधी नरिमन पॉइंटची आणि मग वांद्रे-कुर्ला संकुलाची वाट धरली. हिऱ्यांचा बाजारही २०१० साली ऑपेरा हाउसकडून तेथे गेला. आता कोटात उरतात ते एक तर अत्यंत धनिक किंवा आपल्यासारखे जुने. वारशाची योजना आखणाऱ्यांच्या चित्रात आपण क्वचितच असतो. दगडाची श्रेणी ठरविताना धंद्याचीही नोंद घ्यावी, दुरुस्तीच्या काळात दुकानदारास जवळच तात्पुरती जागा द्यावी, आणि विकलेल्या विकासहक्काच्या पैशातील निश्चित भाग त्याच इमारतीच्या तुळयांवर खर्च करण्याची सक्ती असावी, असे आमचे नम्र मत आहे.

आमच्या एका आप्तांचा छापखाना कोटातील अशाच एका तिसऱ्या श्रेणीच्या इमारतीत आहे. खिळे जुळवून लग्नपत्रिका छापण्याच्या काळापासून तो चालू आहे. आता तेथे संगणक आहे, पण जुने ट्रेडल यंत्र कोपऱ्यात ठेवलेले आहे, कारण ते जिन्यावरून खाली उतरत नाही. त्या इमारतीच्या भाडेकरूंनी चार वर्षे मालकाशी पत्रव्यवहार केला. शेवटी अकरा जणांनी मिळून वर्गणी काढली, मालकाने तिसरा हिस्सा देण्याचे कबूल केले आणि चुन्याचे काम जाणणारा कारागीर शोधून गच्ची व मागील भिंत करून घेतली. पोटमाळे उतरविण्याची अट त्या कारागिराने घातली होती. नऊ जणांनी ते उतरविले. दोघांनी उतरविले नाहीत, कारण माल ठेवावयास दुसरी जागा नव्हती. त्या दोघांवर बाकीचे रागावले आहेत, आणि तरीही त्यांची अडचण खरी आहे हे सर्वांस ठाऊक आहे. आता एका विकसकाने संपूर्ण रस्त्याच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव पाठविला आहे. प्रत्येकास नव्या इमारतीत तितकीच जागा, पण पाचव्या मजल्यावर. पाचव्या मजल्यावरच्या छापखान्यात रस्त्यावरचे गिऱ्हाईक चढत नाही, म्हणून आमच्या आप्तांनी अद्याप सही केलेली नाही. शेजारच्या कागदवाल्यांनी केली आहे. त्यांचे चिरंजीव परदेशी असतात. भाडेकरूंची पुढील सभा दिवाळीनंतर व्हावयाची आहे.